नाटकासाठी ऑनलाइन वर्गणी काढताना

मा. संपादक, स. न. वि. वि.

खानापुरातल्या आमच्या नाटकवेड्या पोरांनी नव्या नाटकासाठी ऑनलाइन लोकवर्गणी काढायचं ठरवलंय. सगळ्यांच्या तोंडी किकस्टार्टर, हे लोकवर्गणीचं परदेशी संकेतस्थळ. पण तिथं भारतातून प्रकल्प मांडताच येत नाही. केट्टो, मिलाप ही संकेतस्थळं आपल्याकडची, मात्र तिथं येणारे बहुतेक जण कुणाच्या तरी उपचाराला मदत करायला येतात. नाटकाकडे कोण वळून बघणार?

माझ्या मते खरा प्रश्न नियमाचा आहे. काही ठिकाणी ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे हाती येतात, नाहीतर ज्याचे त्याला. काही ठिकाणी जमेल तेवढे मिळतात. पोरांना दुसरं सोपं वाटतं. मी म्हणते, पहिलंच घ्या! नेपथ्य, प्रकाशयोजना, बेळगावातल्या नाट्यगृहाचं भाडं. यातलं निम्मंच भागलं तर प्रयोग कसा होणार? नंदगडहून शंभर रुपये पाठवलेल्या शेतकऱ्याला काय तोंड दाखवायचं? संकेतस्थळाचं शुल्क वजा जाता हाती किती उरतं, तेही आधीच मांडावं. नफ्यात वाटा देतो, असं मात्र लिहू नये. तिथं सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम आडवे येतात.

सीमाभागातल्या तरुणांसाठी आपण ही माहिती मराठीतून सविस्तर छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक नाट्यप्रेमी शिक्षिका, खानापूर