कानातल्या सुयांबद्दल ओंकारला

प्रिय ओंकार,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. कोर्स झाला, आता क्लिनिकमध्ये फिजिओच्या जोडीला कानाचं अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे कानातल्या ठराविक पॉइंटवर बारीक सुया टोचायचा उपचार, तो पण सुरू करायचा आणि बोर्डवर पाठदुखी, झोप न लागणे, वजन, सिगारेट सोडवणे, टेन्शन हे सगळं लिहायचं म्हणतोयस. फोनवर हा विषय निघाला की तू म्हणतोस आई तू हॉस्पिटलवाली, तुला हे पटणारच नाही, आणि मग बोलणं तिथंच थांबतं, म्हणून लिहून पाठवतेय. पेशंट नसतील तेव्हा सावकाश वाच.

मी या उपचाराच्या विरोधात नाहीये. तू निवडलंयस म्हटल्यावर मी बसून यावर जेवढं संशोधन मिळालं तेवढं वाचलं, आणि त्यात काही गोष्टी खरंच चांगल्या आहेत. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला तू काय सांगून सुई लावणार आहेस, माझा सगळा जीव त्यात अडकलाय. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला एक कळलंय, आपल्याकडं येणारा माणूस आधीच थकलेला असतो, तो आपण सांगू ते खरं मानतो.

पहिलं म्हणजे हे पाच हजार वर्षं जुनं आहे असं कुणाला सांगू नकोस. सुया जुन्या आहेत, कानावर काही ठिकाणी टोचायची पद्धतही जुनी आहे, पण तुला कोर्समध्ये जो कानाचा नकाशा शिकवला, उलटं बाळ, पाळीत डोकं आणि वरच्या बाजूला पाय, तो फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पॉल नोजिए नावाच्या डॉक्टरनं १९५० च्या दशकात काढला. त्याच्याकडं येणाऱ्या काही पेशंटच्या कानावर डागल्याच्या खुणा होत्या, सायटिकासाठी, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, मार्सेच्या एका बाईनं डाग दिला होता आणि ते लोक म्हणायचे दुखणं गेलं. तिथून त्याला वाटलं की कानात सगळं शरीर असणार. १९५७ ला त्यानं ते छापलं आणि मग चीनमध्ये त्यावर काम सुरू झालं, म्हणजे आपण ज्याला चिनी म्हणतो तो नकाशा तिकडं युरोपातून गेलाय. आपल्याकडंही डाग द्यायची पद्धत आहेच, मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना अजूनही डागतात आणि ती बाळं जखमा घेऊन दवाखान्यात येतात, त्यामुळं "डाग दिला आणि बरं वाटलं" एवढ्यावर मी काही मान्य करणार नाही हे तुला माहितीय. आणि कुणी म्हणेल आपल्याकडं कान टोचतात त्याचंही हेच कारण, तर सुश्रुतानं लहान मुलांचे कान टोचायचं कारण रक्षण आणि भूषण असं दिलंय, त्याच्यावर वजन कमी करण्याचा दावा चढवू नये.

आता जे मला पटलं ते. कानाच्या खोलगट भागात व्हेगस नर्व्हची, म्हणजे मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या नसेची, एक फांदी येते, शरीराच्या वरच्या कातडीपर्यंत व्हेगस पोचते ती बहुतेक इथंच. इएनटी ओपीडीत मळ काढताना माणूस एकदम खोकायला लागतो ते मी कितीदा पाहिलंय, तो याच फांदीचा रिफ्लेक्स. २००२ मध्ये जर्मनीतल्या प्यूकर आणि फिलर यांनी मृतदेहांचे कान उघडून कुठल्या भागात कुठली नर्व्ह जाते ते नीट दाखवलं. म्हणजे कानाला सुई लावली तर मज्जासंस्थेला काहीच कळणार नाही असं म्हणता येत नाही. पण यातून "अंगठ्याचा पॉइंट इथं आणि यकृताचा तिथं" हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी कोर्सवाले एकत्र करून सांगतात. तू त्या वेगळ्या ठेव.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त त्यातून समजलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात लिंकन हॉस्पिटल आहे, तिथं १९७० च्या दशकात व्यसनी लोकांना कानाच्या पाच पॉइंटवर सुया लावायला लागले, तुमच्या कोर्समध्ये नाडा प्रोटोकॉल म्हणून शिकवतात तोच. गरीब वस्ती, हेरॉइनचा सुळसुळाट, आणि लोक स्वतःहून येऊन शांत बसायचे, त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. मग २००० साली येल विद्यापीठाच्या लोकांनी कोकेनच्या ८२ पेशंटवर ट्रायल केली. एका गटाला खऱ्या पॉइंटवर सुया, दुसऱ्याला कानाच्या कडेला, जिथं काही होणार नाही असं मानतात तिथं सुया, तिसऱ्याला सुया नाहीत, नुसत्या मन शांत करणाऱ्या व्हिडिओ. शेवटच्या आठवड्यात लघवीच्या तपासणीत खऱ्या गटातले निम्म्याहून जास्त कोकेनमुक्त निघाले, दुसऱ्यातले साधारण चौथा हिस्सा आणि तिसऱ्यातले दहात एकापेक्षाही कमी. इथं थांबलास तर तू म्हणशील बघ आई, झालं की सिद्ध.

पण ते स्वतःच तिथं थांबले नाहीत. त्याच टीमच्या लोकांनी अमेरिकेतल्या सहा दवाखान्यांत ६२० पेशंट घेऊन तेच केलं, तेच तीन गट, आणि २००२ ला जामा या जर्नलमध्ये छापलं. तिन्ही गटांत कोकेन थोडं कमी झालं, आणि गटागटांत फरक काही नाही. खरी सुई, कडेची सुई, व्हिडिओ, सगळं सारखंच. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले होते. आपल्याच चांगल्या निकालाला मोठ्या ट्रायलमध्ये घालून तो टिकला नाही हे जाहीर करायला फार मोठं मन लागतं. आणि तरीही आज तुमच्या कोर्सच्या पीपीटीत २००० ची ट्रायल असेल आणि २००२ ची नसेल, बघ एकदा उघडून. सिगारेटचंही तसंच आहे, वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, त्यांनी २०१४ मध्ये सगळ्या ट्रायल एकत्र करून पाहिल्या, अ‍ॅक्युपंक्चरनं सिगारेट कायमची सुटते असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणून "सिगारेट सोडवणे" ही ओळ बोर्डवरून काढ. कोण जाणे, तुझ्याकडं सुयांसाठी आलेला माणूस निकोटिनच्या गोळ्या आणि समुपदेशन घेऊन सुटलाही असता, आणि तुझ्यामुळं त्याचं एक वर्ष जाईल.

दुखण्याचं मात्र वेगळं आहे, आणि ते तुझ्या कामाचं आहे. मेल्झॅक आठवतो ना, ज्याची दुखणं मेंदूपर्यंत कसं पोचतं त्याची गेट कंट्रोल थिअरी तुम्ही फिजिओवाले परीक्षेला पाठ करता, त्यानं आणि काट्झनं १९८४ मध्ये जुन्या दुखण्याच्या ३६ पेशंटना कानावर विजेचे हलके झटके दिले आणि खऱ्या-खोट्या पॉइंटमध्ये फरक पडला नाही असं स्पष्ट लिहिलं. उलट फ्रान्समध्ये अलिमी यांनी कॅन्सरच्या ९० पेशंटवर केलेला अभ्यास २००३ मध्ये आला, खऱ्या पॉइंटच्या गटात दोन महिन्यांनी दुखणं ३६ टक्क्यांनी उतरलं आणि खोट्या गटात २ टक्के. एक नाही म्हणतोय, एक हो म्हणतोय, आणि दोन्ही लहान.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा अभ्यास २०२१ चा आहे, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरचा. कॅन्सरमधून वाचलेले पण सांधे, पाठ, स्नायू दुखत असलेले ३६० लोक. एका गटाला अंगावर इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुयांना हलकी वीज जोडून, दुसऱ्याला कानात काही दिवस तशाच राहणाऱ्या त्या बारक्या सुया, अमेरिकन हवाई दलातल्या नीमझो डॉक्टरनं सैनिकांसाठी काढलेली पद्धत, आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांच्या मानानं अंगावरच्या सुयांनी दुखणं दहाच्या पट्टीवर १.९ नं जास्त कमी झालं आणि कानाच्या सुयांनी १.६ नं. म्हणजे फायदा झाला, माणसाला जिना चढताना जाणवेल इतका. पण कानाच्या गटातल्या १४३ पैकी १५ जणांनी त्रासामुळं, मुख्यतः कान दुखतो म्हणून, उपचार मधेच सोडले, इलेक्ट्रोवाल्या १४५ मध्ये असा एकच. आणि या ट्रायलमध्ये खोट्या सुयांचा गट नव्हता, त्यामुळं १.६ मधला किती भाग त्या पॉइंटचा, किती नुसत्या टोचण्याचा आणि किती दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीनं विचारपूस केल्याचा, हे त्यातून कळत नाही. माझ्यासाठी हा शेवटचा भाग क्षुल्लक नाही बरं का, विचारपूस हा नर्सिंगचा अर्धा धंदा आहे, पण त्याला नकाशाचं नाव द्यायचं नाही.

ऑपरेशनच्या आधीची भीती कमी होते यालाही आधार आहे, येलमध्येच २००१ ला तसं दिसलं होतं. झोपेच्या ट्रायल पुष्कळ आहेत पण बऱ्याच कच्च्या. वजनाचं तू कोरियाचं उदाहरण दिलंस, तेही वाचलं. ९१ जण, आठ आठवडे, पाच पॉइंटवाल्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, ६ टक्क्यांनी घटला हे खरं, पण सगळ्यांना खाण्याचं बंधन पण घातलं होतं, खोट्या गटाच्या सुया लावून लगेच काढल्या होत्या, आणि २४ जण मधेच सोडून गेले त्यातले १५ या खोट्या गटातले. ज्याच्या कानात सुई राहिलीच नाही त्याला कळणारच की आपल्याला काही मिळत नाहीये, तो कशाला थांबेल आणि कशाला पथ्य पाळेल. यावरून कुणाकडून वजनाचं पॅकेज घेऊ नकोस, विशेषतः लग्न ठरलेल्या मुलींकडून.

आता हे माझ्या हक्काचं, इथं ऐकायलाच लागेल. कानाची कूर्चा, म्हणजे तो लवचिक कडक भाग, तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नाही, त्यामुळं तिथं जंतू शिरले की औषध पोचायला वेळ लागतो. पेरिकाँड्रायटिस, म्हणजे कूर्चेच्या आवरणाला संसर्ग, झालेली एक कॉलेजची मुलगी आमच्याकडं होती, वरच्या भागात टोचून घेतलं होतं, कान लाल, सुजलेला, उशीवर टेकवता येईना, पू काढल्यावर कानाचा आकार गेला तो गेलाच. सुडोमोनास नावाचा जंतू असतो बऱ्याचदा, साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. म्हणून डायबेटिस असलेल्या माणसाच्या कानात दिवसेंदिवस राहणाऱ्या सुया ठेवायच्या नाहीत, हृदयाची झडप खराब असलेल्याला तर अजिबात नाही, कानातल्या सुयांमधून एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग, झाल्याची नोंद आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारायचं. त्यापेक्षा कानातल्या पॉइंटवर चिकटपट्टीतल्या बिया लाव, त्या दाबायला सांग, त्यावरही पाठदुखीचं बऱ्यापैकी काम झालंय आणि कातडी फुटत नाही. सुई एकदाच वापरायची, पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात टाकायची, २०१६ च्या नियमात तेच आहे, क्लिनिक छोटं म्हणून सूट नाही. हातमोजे स्वस्त मिळतात, कंजुषी नको.

कान बघून निदान करू नकोस, हे वेगळं सांगतेय. १९८० चा एक अभ्यास दाखवतात, ४० लोकांचे कान तपासून कुठं दुखतंय ते ७५ टक्के बरोबर ओळखलं म्हणून, पण ते स्नायू-सांध्यांच्या दुखण्यापुरतं होतं आणि त्यानंतर ते ठोस उभं राहिलेलं नाही. एखाद्या बाईला तू म्हणालास की लिव्हरचा पॉइंट दुखतोय तर ती रात्रभर झोपणार नाही. आणि पाठदुखीबरोबर लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर सुईला हात न लावता त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठव, हे तुला फिजिओत शिकवलंय, नव्या हौसेत विसरायचं नाही.

कायद्याचंही बघ. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा झालाय, २०१५ चा, आणि नोंदणीसाठी कौन्सिल आहे. तुझ्या सर्टिफिकेटवर प्रॅक्टिस करता येते की नाही हे कोर्सवाल्यांना न विचारता कौन्सिलला लेखी विचार, आणि उत्तर येईपर्यंत बोर्ड रंगवू नकोस. बाबा म्हणाले फीचे पैसे वाया गेले असं त्याला वाटायला नको. जाऊ देत. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांबरोबर १९३८ ला जे वैद्यकीय पथक चीनला गेलं होतं, त्यातल्या डॉक्टर बिजॉय बासूंनी वीसएक वर्षांनी परत तिकडं जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्याला आणलं, वय झालेला डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. तूही अजून शिकू शकतोस.

पेशंटला तू असं सांग, माझ्या शब्दांत नको, तुझ्या सांग. याने दुखणं आणि घाबरेपणा काही जणांचा थोडा कमी होतो, कुणाचा होतो हे आधी सांगता येत नाही, कान दुखू शकतो, चालू गोळ्या आणि व्यायाम बंद करायचे नाहीत, आणि चार-पाच वेळा करून फरक नाही पडला तर आपण थांबू आणि मी पैसे घेत राहणार नाही. दर वेळी दहापैकी किती दुखतंय ते विचारून वहीत लिही, ज्यांना फरक पडला नाही त्यांचंही लिही, जे परत आले नाहीत त्यांना फोन करून विचार. नाहीतर तुझ्या लक्षात फक्त बरे झालेले राहतील.

संमतीचा फॉर्म मराठीत कर, इंग्रजी फॉर्मवर लोक न वाचता सह्या करतात हे मी रोज बघितलंय. कच्चा लिहून रविवारपर्यंत पाठव, मी लाल पेनानं बघून देते. आणि आत्याला गुडघ्यासाठी तुझ्याकडं यायचंय, तिची शुगर अजून २०० च्या वर आहे, तिला फक्त बिया लावायच्या, सुई नाही.

तुझी आई