गोष्ट लिहिली, पण साठली कुठे?

संपादक महोदय,

वाचकाच्या निवडीप्रमाणे वळण घेणाऱ्या पडद्यावरच्या गोष्टी लिहायच्या म्हटल्या की ‘सोपे साधन कोणते’ यावरच चर्चा अडते. लिहिलेला मजकूर राहतो कुठे, हे क्वचितच विचारले जाते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रे चालवणाऱ्या जुन्या तंत्राचा आधार संपला आणि त्यात बांधलेल्या गोष्टी ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या, तरीही.

अशा गोष्टी लिहिण्याचे २००९ पासूनचे, फुकट आणि मुक्तस्रोत साधन ‘ट्वाइन’ घ्या. ते ब्राउझरमध्ये वापरले तर गोष्ट कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, आपल्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते. ब्राउझरचा डेटा पुसला की गोष्ट गेली. सफारी तर वापरात असूनही सात दिवस त्या साइटला हात लागला नाही, तर हा साठा आपणहून पुसतो. म्हणून संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्तीच बरी. ती प्रत्येक गोष्टीची फाइल डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये ठेवते. ते जमत नसेल तर रोज काम संपवून उठण्याआधी ‘आर्काइव्ह’ करून, म्हणजे सगळ्या गोष्टी एका फाइलीत उतरवून, ती फाइल दुसरीकडे ठेवावी. प्रकाशित केलेली एचटीएमएल फाइलही ट्वाइनमध्ये परत आयात करता येते. त्यामुळे पूर्वी कुणाला वाचायला पाठवलेली प्रत कधी कधी कामी येते!

ट्वाइनमधली दुसरी गफलत स्टोरी फॉरमॅटची, म्हणजे गोष्ट कशी दिसेल आणि चालेल हे ठरवणाऱ्या साच्याची. न विचारता ‘हार्लो’ हा साचा मिळतो. चाळीस पॅसेज (गोष्टीचे तुकडे) झाल्यावर ‘शुगरक्यूब’ या दुसऱ्या साच्याकडे वळले तर साधे दुवे टिकतात, पण मॅक्रो, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या आज्ञा, सगळे नव्याने लिहावे लागतात. हार्लोचे साध्या कंसात, शुगरक्यूबचे दुहेरी कोनी कंसात. वाचकाला खेळ जतन करण्याची तयार सोय हवी असेल तर शुगरक्यूब पहिल्याच दिवशी निवडावा.

२०१६ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या ‘इंक’ या गोष्टी लिहिण्याच्या भाषेमध्ये सगळे साध्या टेक्स्ट फाइलीत असते, म्हणून ते मला अधिक भरवशाचे वाटते. तिथे चांदणीने लिहिलेला पर्याय एकदाच दिसतो, अधिक चिन्हाचा पुन्हा पुन्हा. परत येण्याच्या जागी सगळ्या चांदण्याच ठेवल्या तर पर्याय संपतात आणि गोष्ट अडकते.

‘रेनपाय’ या चित्रमय गोष्टी बनवण्याच्या साधनामध्ये देवनागरी लिहिताना फॉन्ट स्वतः जोडावा लागतो, कारण मूळ फॉन्टमध्ये ही अक्षरे नाहीत आणि नुसते चौकोन दिसतात. जोडाक्षरे जुन्या आवृत्तीत तुटतात, नवी घ्यावी.

फाट्यांचा गुणाकार मात्र कोणतेही साधन आवरत नाही. दहा वेळा दोन-दोन पर्याय देऊन वाटा परत जुळवल्याच नाहीत, तर १,०२४ शेवट लिहायचे कुणी? वाटा एकत्र आणाव्यात आणि आधीची निवड व्हेरिएबलमध्ये (साधनाने लक्षात ठेवलेल्या नोंदीत) नोंदवून पुढच्या एखाद्या वाक्यात तिचा परिणाम दाखवावा.

आपला,
एक वाचक