तोतरेपणाला दटावणी नको, उपचार हवा

संपादक महोदय,

मूल अडखळत बोलू लागले की आपल्याकडे वेखंड उगाळून चाटवतात आणि ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून थांबतात. बरीच मुले आपोआप सुधारतात हे खरे; परंतु साधारण 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू झालेला तोतरेपणा वर्षभर टिकला किंवा घरात आधी कोणाला असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्यास उशीर करू नये. हा दोष जिभेचाही नाही आणि भित्रेपणाचाही नाही.

माझ्या मुलीला वर्गात ‘नीट बोल’ म्हणून उभे केले जाई. पुढे ती हजेरीलाही नुसता हात वर करू लागली. लहानांच्या उपचारात मुख्य शिकवणी आम्हा पालकांचीच झाली : स्वतः सावकाश बोलणे, तिचे वाक्य मध्येच पुरे न करणे. प्रौढांनाही शब्दाची सुरुवात हलकी करण्याच्या सरावाने आणि अडखळण्याची भीती कमी झाल्याने मोठा फरक पडतो, मात्र हमखास बरे करण्याच्या जाहिरातींवर विसंबू नये.

मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खेड्यातल्या पालकाने मात्र जायचे कोठे? निदान उपजिल्हा रुग्णालयांत शासनाने असे तज्ज्ञ नेमावेत आणि तोंडी परीक्षेत या मुलांना जादा वेळ द्यावा.

— एक पालक, सातारा