तक्रार: स्लॉटेड ब्रेक डिस्कच्या बॉक्सवरचं 'ड्रायव्हर साइड' आणि तुमच्या सुपरवायझरचं बोलणं

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरला चौथा फोन करून ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. विषय पुढच्या चाकांच्या स्लॉटेड, म्हणजे वरून खाचा असलेल्या ब्रेक डिस्कचा, कर्व्ह्ड व्हेनवाली जोडी, म्हणजे आत हवा बाहेर फेकणाऱ्या वळणदार पात्या असलेली. माल तुमचाच आहे, त्यात डावी वेगळी आणि उजवी वेगळी असते हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर दोन पार्ट नंबर दिलेत. मग बॉक्सवर डावी-उजवी का लिहीत नाही? एका बॉक्सवर 'ड्रायव्हर साइड', दुसऱ्यावर 'पॅसेंजर साइड'. अहो भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो! आम्ही ड्रायव्हर साइडची डिस्क उजवीकडे लावली, कुणीही तेच करेल. स्टिकर डाव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी छापलेला आणि तोच बॉक्स तुम्ही इथे रुपयांत विकताय.

आतल्या कागदावरच्या चित्रात फक्त स्लॉट दाखवलेत, गाडीचं तोंड कुठे ते नाहीच. दिशा ठरते आतल्या व्हेनवरून आणि या डिस्कचे स्लॉट व्हेनच्या उलट कललेले आहेत, म्हणजे नुसते स्लॉट बघून लावणारा फसणारच.

डिस्क लावल्यावर पुढच्याच रविवारी पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरत होतो. गाडीत आम्ही चौघं, आई मागे बसलेली, मी सेकंड गिअरमध्येच होतो, हे मुद्दाम लिहितोय कारण तुमच्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. गाडी कडेला घेतली, अर्धा तास थांबलो, उरलेला घाट फर्स्टमध्ये उतरलो. त्या अर्ध्या तासात आई एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाक उतरवलं. डिस्क बसवणाऱ्या गॅरेजवाल्या मामांनी मोबाईलचा टॉर्च डिस्कच्या कडेतून आत मारला आणि बोट ठेवून दाखवलं, वरच्या बाजूला व्हेनचं बाहेरचं टोक गाडीच्या मागे झुकलेलं पाहिजे, इथे ते बॉनेटकडे झुकलंय. विहिरीवरच्या मोटरचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, बघितलेल्या माणसाला हे लगेच कळतं, मधून ओढायचं आणि कडेने बाहेर फेकायचं. डिस्क उलटी फिरली की हवा नीट फेकली जात नाही आणि ती तापलेलीच राहते. डिस्कला दाबणारे ब्रेक पॅड काढले तर वरचा थर तापून काचेसारखा चकाकत होता.

तिथूनच तुम्हाला तिसरा फोन लावला, स्पीकरवर, मामा शेजारी उभे. मुलगी म्हणाली, "सर, ड्रायव्हर साइड म्हणजे ड्रायव्हर बसतो ती साइड, तुम्ही बरोबरच लावलीय." म्हटलं ताई, बरोबर लावली असती तर व्हेन उलट्या कशा दिसल्या असत्या? तिने सुपरवायझरला दिलं. ते म्हणाले, ड्रायव्हर साइड म्हणजे डावी, हे ट्रेंड मेकॅनिकला माहीत असतं, तुम्ही ट्रेंड मेकॅनिककडे का नाही गेलात? एकाच कॉलमध्ये तुमची दोन माणसं दोन उलटी उत्तरं देतात आणि अडाणी आम्ही? मामा बावीस वर्षं हे काम करतायत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला फार लाज वाटली, माझ्या फोनवरून त्यांना हे ऐकावं लागलं. परत येऊन त्यांनी दोन्ही डिस्क काढल्या, बाजू बदलून लावल्या, नवे पॅड टाकले आणि लेबर घेतलंच नाही, म्हणाले चूक माझ्या हातून झाली. चूक त्यांची नव्हती. स्टिकरची होती, हे तुम्हाला परत परत सांगतोय. चूक स्टिकरची होती.

आजच्या चौथ्या कॉलला उत्तर काय, तर "फिटिंगची चूक वॉरंटीत बसत नाही."

मला पॅडचे पैसे पाहिजेत आणि मामांचं दोन्ही वेळचं लेबर त्यांच्या हातात पोचलं पाहिजे. त्या सुपरवायझरने त्यांना स्वतः फोन करून माफी मागावी. आठ दिवस वाट बघेन, नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. बॉक्स, बिल, व्हेनचे फोटो सगळं जपून ठेवलंय. आधीच्या गाडीला तुमच्याच प्लेन डिस्क होत्या, चार वर्षं काही त्रास नाही, म्हणून दोन मित्रांना तुमचंच नाव सांगितलं होतं. त्या दोघांना आज फोन करून चाकं उतरवून बघायला सांगितलंय.

आणि दुकानांत जे बॉक्स आत्ता पडलेत त्यावर आधी डावी-उजवी असा नवा स्टिकर लावा. माझे पैसे नंतर दिलेत तरी चालेल, स्टिकर या आठवड्यात लागला पाहिजे, कारण कुणीतरी ती जोडी आज विकत घेऊन उद्या घाट उतरणार आहे.