कटऑफ छापता, पण ओळ कुणाची?

मा. संपादक,
स. न.

पुण्या-मुंबईच्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ आपल्या अंकात छापून आले. तेव्हापासून ते कात्रण घेऊन दहा-बारा पालक तरी माझ्याकडे येऊन गेले. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन अर्जही भरून देतो. प्रश्न सगळ्यांचा एकच. "पोराला पंच्याण्णव पर्सेंटाइल हाईत. सीओईपी मिळतंय न्हवं?" सीओईपी म्हणजे पुण्याचं नामांकित इंजिनिअरिंग कॉलेज.

'हो' म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. आपल्याला सीमाभागाचा कोटा आहे की, मग काय काळजी! मी मात्र आधी कॅल्क्युलेटर काढतो. महाराष्ट्राच्या प्रवेशपरीक्षेच्या म्हणजे सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला समजा तीन लाख मुलं बसली, तर पंच्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे पंधरा हजार. पुण्याच्या त्या कॉलेजात एकेका शाखेच्या जागा किती, हे मग सांगावं लागत नाही. बाप गप्प होतो आणि कात्रणाची घडी घालतो.

गेल्या पंधरवड्यात बेकवाडच्या बाजूचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजच्या कटऑफमधल्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता. तो आकडा होता 'जीओपनएच'च्या, म्हणजे खुल्या गटाच्या एका रकान्यातला. शेवटचा 'एच' म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, 'ओ' म्हणजे हद्दीबाहेरची आणि 'एस' म्हणजे सगळ्या राज्याची मिळून. खानापूर काही पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येत नाही. म्हणजे गृहस्थांनी महिनाभर दुसऱ्याच्याच ओळीतला आकडा उराशी धरला होता. चूक त्यांची नाही. तुमच्या तक्त्यात ही अक्षरं होती, अर्थ कुठेच नव्हता.

आता 'कोट्या'विषयी. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या नियमांत सीमाभागातून शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी 'ई' हा उमेदवारीचा प्रकार आहे. त्यामुळे आपलं मूल परराज्यातलं न धरता महाराष्ट्राचं उमेदवार धरलं जातं. ही सोय मोठी आहे, ती मिळाली नसती तर कित्येकांना तिकडचं दारही दिसलं नसतं. पण ती रांगेत उभं राहायची परवानगी आहे, नंबर नव्हे. (मेडिकलचं वेगळं, तिथे सीमाभागासाठी मोजक्या जागा असतात.)

ही परवानगीही फुकट मिळत नाही. एक दाखला गाव सीमाभागातलं असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. गेल्या वर्षी एका मुलीचं सगळं जुळलं, पण शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेपुढे 'कन्नड' पडलेलं. पहिलीत नाव घालताना कुणीतरी सवयीने लिहिलं असणार. घरात आजीपासून सगळे मराठी, आणि कागद म्हणतो कन्नड! ती दुरुस्ती होईपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी निघून गेली. दुसरं दुखणं नावांचं. शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. आत्ता बारावी झालेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर बेळगाव आणि मार्ककार्डावर बेळगावी असं असतं. त्यातून काहींनी मार्ककार्ड हौसेने लॅमिनेट केलेलं. कृपा करून करू नका हो.

जातीच्या दाखल्याचंही आपोआप चालेल असं धरू नये. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या मेडिकल प्रवेशाच्याच एका खटल्यात, एका राज्यातला अनुसूचित जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही, असं सांगितलेलं आहे. म्हणून राखीव गटाचा कटऑफ बघून हुरळण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

माझं खरं दुखणं पुढेच आहे. शक्यता किती, हे लोक बारावीनंतर विचारतात. ती ठरते दहावीनंतर. आमच्याकडची हुशार मुलं अकरावीला कोल्हापूरला किंवा तिकडच्या क्लासच्या हॉस्टेलला जातात. एनआयटी म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्था. तिथे अर्ध्या जागा ती एनआयटी ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या मुलांच्या असतात आणि राज्य ठरतं बारावी कुठून केली त्यावरून. बेळगावातून बारावी केली तर कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीला तुम्ही घरचे, नागपूरच्या व्हीएनआयटीला बाहेरचे. कोल्हापुरातून केली की उलटं. पत्ता, रेशनकार्ड, आजोबांची जमीन, काही विचारत नाहीत. अकरावीची फी भरताना ही गोष्ट ठाऊक असलेला पालक मला अजून भेटायचाय.

परीक्षाही वेगळ्या जातीच्या. इकडे केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीच्या, इंजिनिअरिंग रँकमध्ये पीयूसीचे (इकडच्या बारावीचे) फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताचे मार्क निम्मे धरतात. तिकडे महाराष्ट्रात बारावीचे मार्क पात्रतेपुरते, बाकी सगळं सीईटीच्या २०० मार्कांवर, त्यातले १०० गणिताचे. वर प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमातून, आणि आमची मुलं पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं वाचलेली. म्हणजे बोर्डात ९६ टक्के घेणारी, पण घड्याळ लावलं की गडबडणारी मुलगी असेल, तर तिचं माप इकडे जड भरतं. गणितात पक्का, पण बोर्डाच्या मार्कांत कच्चा असेल त्याने तिकडे जरूर बघावं. मग हेच पालक इकडच्या एखाद्या कॉलेजला 'दुय्यम' म्हणून नाक मुरडतात, ते मला पटत नाही.

गंमत म्हणजे कर्नाटकही असंच करतं. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लजच्या कन्नड भाषिक मुलांना इकडे 'गडिनाडू कन्नडिग' (सीमेवरचे कन्नडिग) म्हणून अर्ज करता येतो. तिकडचाही कुणी झेरॉक्सवाला हाच हिशोब समजावत बसला असेल.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या वर्षी कटऑफ छापाल तेव्हा एकाच वर्षाचा नको, तीन वर्षांचा छापा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा वेगवेगळा, कारण दोहोंत फरक पडतो. एच, ओ, एस म्हणजे काय ते खाली एका ओळीत लिहा, आणि 'ई' प्रकाराच्या मुलाने कोणता रकाना बघायचा तेही. एनआयटीची ती गोष्ट मात्र एसएसएलसीचा (इकडच्या दहावीचा) निकाल लागेल त्याच दिवशी, पहिल्या पानावर घ्या. कात्रणाच्या झेरॉक्स मी फुकट काढून देईन.

आपला,
एक झेरॉक्सवाला
खानापूर, जि. बेळगाव