दत्ता, शाळेची घाई करू नकोस

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. फ्लूचा ताप उतरला तरी जेवण जात नाही, फळ्यापुढे उभं राहिलं की नेहमीचा शब्द सापडत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, "आता कसला आजार? आळस झालाय." वाचून फार वाईट वाटलं. तुझा मेंदूच तुला बसवून ठेवतोय रे, आणि तो हे कसं करतो ते आता बरंच उलगडलं आहे.

फ्लूचा विषाणू नाक, घसा, फुफ्फुसात राहतो. मेंदूत सहसा शिरतच नाही. मग मेंदूला कळतं कसं? एक वाट आपण मुलांना सांगतोच: प्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन नावाची निरोप्या प्रथिनं रक्तात सोडतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन तयार होतं, आणि शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस ताप चढवतो. दुसरी वाट २०२३ मध्ये हार्वर्डच्या स्टीफन लिबरलिस यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवली. घशाकडून मेंदूत जाणाऱ्या नवव्या मस्तिष्क चेतेत, म्हणजे मज्जातंतूत, मोजक्या पेशी अशा आहेत की संसर्गाच्या जागी तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन त्या तिथल्या तिथे हेरतात. त्या पेशी काढून टाकल्या तर फ्लू झालेले उंदीर जास्त खाऊ-पिऊ लागले, हिंडू लागले, आणि जास्त जगलेही. एवढ्याशा पेशींच्या हाती आपली भूक, तहान, उभारी! संसर्ग फुफ्फुसात उतरला की मात्र ही चेता मागे पडते आणि मेंदूला खबर दुसरीकडून लागते.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच अडवतात. पण म्हणून मनाने गोळ्या खात बसू नकोस, डॉक्टरांना विचार. आणि धाकट्याला ताप आला तर अ‍ॅस्पिरीन अजिबात नको. विषाणूच्या तापात मुलांना त्यातून यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो.

शब्द न आठवण्याचं म्हणशील तर त्यावर २०२२ मधलं मिशेल मोंजे आणि अकिको इवासाकी या संशोधकांचं काम वाच. त्यांनी उंदरांना फक्त श्वसनमार्गाचा सौम्य कोविड दिला. मेंदूत विषाणू सापडला नाही, तरी तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, चवताळलेल्या होत्या. चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण घटलं होतं, हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, नव्या चेतापेशी कमी जन्मत होत्या, आणि हे सात आठवड्यांनंतरही दिसत होतं. एच१एन१ फ्लूतही असेच काही बदल आढळले, त्यातले काही तोवर निवळले होते. उंदरांवरून तुझं निदान मी करणार नाही. पण आजार फुफ्फुसात असताना डोकं जड होणं ही मनाची कमजोरी नव्हे, एवढं त्यातून पक्कं कळतं.

तुमच्या निपाणीत बिडी वळणाऱ्या बायका अंगात कणकण असताना बिड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसतात, कारण मजुरी दर हजार बिड्यांमागे मिळते. आजाऱ्याला पडून राहू द्यायला घरात पैसा लागतो, याचा मला फार त्रास होतो. तुझी रजा शिल्लक आहे, ती घे. दुपारी झोप, पेजेत मीठ घालून थोडी थोडी पी, पेपर तपासायचे राहिले तर राहू देत.

वहिनींना हे पत्र वाचायला दे. ताप पुन्हा चढला, धाप लागली किंवा बोलण्यात गोंधळ वाढला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. रविवारी मी निपाणीला येतोय.

तुझा,
सुभाष