कागद जपले, आता दारही उघडावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्क शहराच्या चारशे वर्षांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, पण सेंट निकोलस सोसायटी आणि हॉलंड सोसायटी या दोन जुन्या संस्थांना त्यात एका वाक्यात निकालात काढले आहे. घराण्याचा तोरा मिरवायला जमणारी श्रीमंत मंडळी, असा एकूण सूर. मी मूळची वेंगुर्ल्याची. क्वीन्समध्ये आयुष्य गेले, इथल्या एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातून निवृत्त झाले. या संस्थांनी छापलेले खंड मी वर्षानुवर्षे वाचकांना काढून दिले आहेत. म्हणून हे पत्र.

तोरा आहे, हे खरेच. सेंट निकोलस सोसायटी १८३५ सालची, लेखक वॉशिंग्टन आयर्विंग तिच्या संस्थापकांपैकी एक. सभासद व्हायचे तर तुमचा पूर्वज १७८५ च्या आधी न्यूयॉर्क शहरात किंवा राज्यात राहत असल्याचा पुरावा हवा. १८८५ साली निघालेल्या हॉलंड सोसायटीची मूळ अट याहून कडक. १६७५ पर्यंत न्यू नेदरलँडमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या जागी आधी असलेल्या डच वसाहतीत, आलेल्या माणसाचा वंशज, तोही बापाकडून मुलाकडे असा सरळ चालत आलेला. लेकीची मुले बाद. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की तिची ओळ जशी संपते, तसेच.

पण या मंडळींनी काय राखले तेही पाहा. मॅनहॅटनवर डच काळातले एकही घर आज उभे नाही. १८३५ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत उरलेसुरले बहुतेक सगळे गेले. डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट याने हॉलंडहून आणून लावलेले नासपतीचे झाड थर्ड अॅव्हेन्यू आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दोनशे वर्षे फळत होते. १८६७ साली एका गाडीच्या धडकेने तेही गेले. तिथे १८९० मध्ये पाटी बसवली ती हॉलंड सोसायटीने. खुद्द स्टायव्हसंटचा बापाकडून मुलाकडे चालत आलेला थेट वंश १९५३ साली संपला आणि सेंट मार्क्स चर्चमधले त्यांचे दफनाचे तळघर कायमचे बंद झाले.

खरे काम झाले ते कागदांचे. वसाहतीच्या कारभाराची सुमारे बारा हजार डच पाने राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, सरकारी दप्तरात आहेत. १९११ साली तिथल्या कॅपिटॉल इमारतीला आग लागली. डच दप्तरे खालच्या फळ्यांवर होती. वरची इंग्रजी दप्तरे त्यांच्यावर कोसळली, जळाली, आणि खालची कडा करपून का होईना, वाचली. ती दप्तरे सांभाळणारे फान लाएर यांचे तोवर झालेले भाषांतर मात्र आगीत खाक झाले. त्यांनी पुन्हा बैठक मारली. ती नवी भाषांतरे कित्येक वर्षे टंकलिखितातच पडून राहिली. अखेर १९७४ मध्ये चार खंड छापून निघाले ते हॉलंड सोसायटीच्या पुढाकाराने. त्याच वर्षी चार्ल्स गेरिंग यांनी उरलेली पाने हाती घेतली आणि पुढची अनेक दशके त्याच कामाला दिली.

यातला चौथा खंड म्हणजे वसाहतीच्या कौन्सिलचे कामकाज, १६३८ ते १६४९. त्यात २५ फेब्रुवारी १६४४ ची एक नोंद आहे. वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या अकरा आफ्रिकी गुलामांनी अर्ज केला होता की आम्ही अठरा-एकोणीस वर्षे राबलो, आता मोकळे करा. कौन्सिलने त्यांना आणि त्यांच्या बायकांना मोकळे केले, पण अर्धेच. प्रत्येकाने दरवर्षी कंपनीला तीस मापे मका किंवा गहू आणि वीस गिल्डर किमतीचे एक पोसलेले डुक्कर द्यायचे. कंपनी बोलावेल तेव्हा कामाला हजर व्हायचे. आणि मुले, झालेली व पुढे होणारी, गुलामच राहणार.

आमच्याकडे येणाऱ्या एका कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिकेने हे पान माझ्यासमोर वाचले. पेन खाली ठेवून मुलांबद्दलची ओळ तिने परत मोठ्याने वाचली, आणि मग विचारले, "यांचे वंशज या सोसायटीत आहेत का?" मला उत्तर देता आले नाही. १६७५ ची अट हे अकराही जण सहज पुरी करतात. अडते ते पुढे. १८५० च्या आधी इथल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि गुलामांची नुसती संख्या. बाप ते मुलगा अशी साखळी त्यांनी आणायची कुठून? इथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांचे तर विचारूच नका, मॅनहॅटन बेट त्यांचेच होते.

माझे म्हणणे एवढेच की ज्यांनी हे कागद वाचवले त्यांनीच आता कागदांत नाव असलेल्या सगळ्यांना आपले मानावे. वंशाचा पुरावा नसेल तर अभ्यास करणाऱ्याला जागा द्यावी. तोरा म्हणून झटकून टाकल्याने हे होणार नाही.

वेंगुर्ल्याची गोष्ट यात ओढूनताणून आणत नाही. डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने तिथे १६३७ मध्ये वखार घातली. शिवकालातल्या कितीतरी बातम्या त्या वखारीतून गेलेल्या पत्रांत मिळतात. आज वखारीच्या पडक्या भिंतींतून झाडे वाढली आहेत. त्या वखारीत हमाल, दुभाषे, खलाशी म्हणून राबलेल्यांचे वंशज गावात असतीलच, पण त्यासाठी दोन खुर्च्या टाकून बसणारी संस्था नाही. इथे निदान ती आहे, म्हणून तिच्याशी भांडता तरी येते.

जागेअभावी पत्र छाटावे लागले तर वरचे काहीही गाळा, पण १६४४ च्या नोंदीतली ही नावे तेवढी छापा: पाउलो अँगोला, थोरला मॅन्युएल, धाकटा मॅन्युएल, मॅन्युएल दे गेरिट दे रेउस, सिमोन काँगो, अँथनी पोर्तुगीज, ग्रासिया, पीटर सांतोमे, यान फ्रान्सिस्को, धाकटा अँथनी, यान फोर्ट ऑरेंज.

आपली,
एक वाचक, क्वीन्स, न्यूयॉर्क